पंचविसावे घर

मनुष्य एकवेळ मोठे पाप कबूल करील, परंतु क्षुद्र पाप सांगताना त्याची जीभ टाळ्याला चिकटते. हा सिद्धान्त मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नसून गतवर्षीच्या आगमनकाळात स्वतःवर सिद्ध केला आहे.

अंधेरीतील आमच्या गावठाणात अशी प्रथा आहे की, नाताळापूर्वीच्या त्या पवित्र दिवसांत मावलीची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरी वाजतगाजत नेली जाते. ज्या घरी ती उतरते तेथे जपमाळ होते, उकडलेले चणे वाटले जातात, आणि ते कुटुंब एका रात्रीपुरते तरी तिला जागा नाकारणाऱ्या बेथलेहेमच्या धर्मशाळावाल्याहून थोर ठरते. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार एक डिसेंबरला आला. त्यामुळे रात्री चोवीस मिळाल्या, आणि घरे होती पंचवीस. चिठ्ठ्या टाकून एक घर वगळावे, असा चर्चमधून निरोप आला. वाडीचा प्रमुख या नात्याने ते कार्य मजकडे सोपविण्यात आले.

मी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. थेट यादी लिहिली, आणि तीमधून माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंच्या पत्नी नातालीनवहिनी यांचे घर वगळले. चोवीस तारखेची सर्वोत्तम रात्र मी स्वतःकडे ठेवली व त्यानिमित्त भिंतींना आकाशी रंग काढला.

कारण सांगणे प्राप्त आहे. ईस्टरला चर्चमधील मिस्सेत मी अंतःकरणपूर्वक स्तोत्र गात असताना वहिनी मागच्या बाकावरून म्हणाल्या होत्या, “पास्कल, हळू रे. देवाला कान आहेत.” संपूर्ण गायकवृंद हसला होता.

यादी क्रुसाजवळच्या फळ्यावर लागली त्याच दिवशी वहिनींनी मला बेकरीपाशी गाठले.

“चिठ्ठीत माझं नाव नाही आलं का रे?”

“चिठ्ठीत देवाची इच्छा असते, वहिनी,” मी गंभीरपणे म्हणालो.

“बरं. शेजारच्या सीतारामाचं आलं, माझं नाही. देवाचं मन मोठं आहे.” त्यांनी पाव पिशवीत टाकले. “आणि अक्षर तुझ्यासारखं.”

तदनंतर रोज संध्याकाळी मिरवणूक त्यांच्या दारावरून जाताना वहिनी ओट्यावर हात जोडून उभ्या राहत. मावली पुढे गेली की आत जात. मी त्या वेळी रस्त्यावरील खड्ड्यांचे निरीक्षण करीत असे.

तिसऱ्या आठवड्यात पापनिवेदनाचा दिवस आला. त्या दिवशी बाहेरून धर्मगुरू बोलाविले जातात, आणि कोणाच्या रांगेत उभे राहावे याचा आमच्याकडे सखोल विचार होतो. आमच्या स्वतःच्या फादरांपुढे एकही मनुष्य नव्हता, कारण ते सर्वांना आवाजावरून ओळखतात. याउलट केरळहून आलेल्या एका वृद्ध फादरांपुढे रांग थेट दारापर्यंत गेली होती. माझ्या पुढे आमच्याच वाडीतला आग्नेल रिबेलो होता.

“या फादरला मराठी कळत नाही,” तो कुजबुजला. “बोलायचं आणि सुटायचं. झकास!”

आग्नेल आत जाऊन आला तेव्हा रुमालाने मान पुसत होता. तो थेट बाहेर निघून गेला. मी ते पश्चात्तापाचे लक्षण समजलो.

मी गुडघे टेकले आणि बायकोवर ओरडल्याचे व एक मिस्सा चुकविल्याचे सांगून, त्या दोहोंच्या मध्ये चिठ्ठ्यांचे प्रकरण अतिशय जलद गतीने घुसविले.

जाळीपलीकडून स्वच्छ मराठीत प्रश्न आला, “त्या चिठ्ठ्यांचं जरा पुन्हा सांगा. सावकाश.”

मी दचकून जाळीशी तोंड नेले.

“फादर, आपल्याला मराठी...?”

“एकोणीस वर्षं संगमनेरला काढली. वहिनी सख्ख्या की चुलत?”

“सख्ख्या.”

“विधवा?”

“होय, फादर.”

“येशूच्या आईला तुम्ही विधवेच्या दारावरून रोज पुढे नेता?”

मी जाळीची भोके मोजू लागलो.

“नाताळाच्या आत मावली त्या घरी गेली पाहिजे. तुम्ही स्वतः न्यायची. आणि चिठ्ठ्यांचं खरं काय ते त्यांना सांगायचं. तोवर कम्युनियनला येऊ नका.”

बाहेर आग्नेल माझी वाट पाहत होता.

“तुला ठाऊक झालं होतं! मला सांगितलं का नाहीस?”

“मी एकट्यानेच का बुडायचं यार?”

नाताळाच्या मिस्सेत सारे गाव कम्युनियनचा प्रसाद घेण्यास वेदीकडे जाईल आणि वाडीचा प्रमुख तेवढा बाकावर बसून राहील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून इतर कोणाची तरी रात्र मागून घ्यावी, असे मी ठरविले.

प्रथम सीताराम पाटकरांकडे गेलो. ते कुटुंब हिंदू, पण त्यांची पत्नी सुनंदाताई मावलीचे फार भक्तीने करतात.

“बावीस तारीख? अजिबात नाही हं भावजी,” त्या म्हणाल्या. “माझी बहीण गोरेगावहून मुद्दाम येतेय. तिच्या गुडघ्यांचा नवस आहे.”

आग्नेलकडे तेवीस तारीख होती. तो म्हणाला, “सासूला कळवलंय. मावलीला मी समजावीन, सासूला तू समजाव.”

मी त्याच्या सासूबाईंना ओळखत असल्यामुळे तेथून निघालो. उरली केवळ चोवीस तारीख. माझी.

रेजिनाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगण्याकरिता मी दोन दिवस धैर्य गोळा केले. पाहुणे ठरले होते, पडदे नवे आले होते. मी सर्व वृत्तान्त कथन केला. ती करंज्यांना मुरड घालीत होती. तिचा हात थांबला नाही.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“कसे?”

“पंचवीस चिठ्ठ्या केल्यास तर त्याचे कागद कुठे गेले? या घरात केर मी काढते.”

“मग बोलली का नाहीस?”

“पाप तुझं. मी कशाला वाहू?”

चोवीस तारखेच्या संध्याकाळी मी आग्नेलच्या घरून मूर्ती उचलली. माझ्या घरापाशी मिरवणूक सवयीने वळू लागली, तेव्हा मी सरळ पुढे गेलो. मागचे लोक एकमेकांवर आपटले. “अरे, स्वतःचं घर विसरला काय हा?” असे कोणीतरी म्हणाले. वहिनी नेहमीप्रमाणे ओट्यावर होत्या. मी त्यांच्या पायरीपाशी थांबलो.

या प्रसंगाकरिता मी एक परिच्छेद पाठ केला होता.

“आदरणीय वहिनी, मानवी अंतःकरण हे मत्सराचे...”

“मावलीला हातात तोलत भाषण करतोस? मुद्द्याचं बोल.”

“चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत, वहिनी,” मी म्हणालो, आणि दुर्दैवाने माझा आवाज सर्वांना ऐकू जाईल असाच आहे. “तुमचं नाव मी मुद्दाम गाळलं. मला क्षमा करा.”

प्रथम आग्नेल भानावर आला. “म्हणजे सासूसमोर मी नशीबवान म्हणून मिरवलो ते फुकटच?”

वहिनींनी पदर डोक्यावर घेतला, मूर्ती माझ्या हातांतून काढून घेतली आणि तिच्या पायांवर कपाळ टेकले. डोळे पुसून त्यांनी वर पाहिले, तो त्यांच्या ओट्यापुढे संपूर्ण वाडी, माझे वसईचे पाहुणे आणि चण्यांचे पातेले घेतलेली रेजिना उभी.

“माफी नाताळ झाल्यावर बघू,” त्या मला म्हणाल्या. “आता गर्दी आहे. एवढी माणसं बसवू कुठे? जा, तुझ्या घरातल्या खुर्च्या आण.”

मी धावतच निघालो.

“आणि प्लास्टिकच्या नकोत!” मागून आवाज आला. “त्या लाकडी आण, तुझ्या दादांनी केलेल्या.”

त्या खुर्च्या अत्यंत वजनदार आहेत. मी आठही आणल्या, एकेक करून, आणि आग्नेलने हात लावू पाहिला तेव्हा त्याला लावू दिला नाही.