सात रिकाम्या खोल्या

"आधी वरचे मजले बघा," धाकटी म्हणाली, आणि तपासनिसाला मागे टाकून स्वतःच जिना चढू लागली. थोरली जाऊ किल्ल्यांचा जुडगा घेऊन सावकाश मागून येत होती.

वाटण्या झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, धाकटीने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. दोन्ही इमारती सासऱ्यांनी एकाच उन्हाळ्यात बांधलेल्या, मागचं अंगण सामाईक, पण दारं दोन वेगळ्या गल्ल्यांत. कोण आलं, कोण गेलं, कळायला मार्ग नव्हता. कळायच्या त्या फक्त खिडक्या. संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात उभी राहिली की समोर थोरलीच्या बाराच्या बारा खिडक्या उजळलेल्या. भाडेकरूंनी भरलेलं घर! धाकटीचं पोट रोज नेमाने दुखायचं.

त्यात वीज वाचवण्यासाठी इमारती ऊन-थंडीपासून बंदिस्त करण्याचा नवा नियम आला. धाकटीने खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, छताला जाड अस्तर लावलं, दोन महिने घरभर धूळ खाल्ली. आणि थोरलीला मात्र सूट. कचेरीच्या फलकावर कारण लिहिलं होतं : इमारत निम्म्याहून अधिक रिकामी.

रिकामी! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी तिने हरकत नोंदवली.

"बारापैकी सात खोल्या रिकाम्या हव्यात," तपासनीस म्हणाला. "त्यांतली एक जरी वापरात निघाली तरी सूट रद्द. मग सहा महिन्यांत सगळं काम, नाहीतर इमारतीला टाळं."

त्या सहा महिन्यांत थोरलीचं कंबरडं मोडलं असतं. धाकटीला नेमकं तेच हवं होतं. लग्न होऊन आल्या दिवसापासून तिने थोरलीचंच कौतुक ऐकलं होतं. आता जरा दुसऱ्याच्याही घरात धूळ उडू दे.

पहिलं दार उघडलं. छताला एक छोटा दिवा जळत होता. खाली फरशी, बाकी काही नाही. दुसऱ्या खोलीतही तेच, तिसरीतही. धाकटी कोपरे धुंडाळत होती. खाट, चप्पल, वाळत घातलेला टॉवेल, काहीतरी निघेलच. सहा खोल्या झाल्या तरी काही निघालं नाही.

"रिकाम्या खोल्यांत दिवे कशाला?" तपासनिसाने विचारलं.

"अंधार बरा दिसत नाही," थोरली म्हणाली.

"कोणाला?"

थोरलीने जुडगा दिव्याखाली धरला. ती पुढची किल्ली शोधत राहिली. धाकटीला एकदम कानशिलं तापल्यासारखी वाटली.

सातव्या खोलीत खिडकीशी एक खुर्ची होती. खुर्चीवर बसून बसून चपटी झालेली उशी, आणि खिडकीच्या कट्ट्यावर चहाच्या कपाचं ओलं वर्तुळ.

धाकटी खिडकीशी गेली. समोर तिचंच स्वयंपाकघर. मुलगी आणि मुलगा नळापाशी भांडत होते, नवरा चमचा उगारून दोघांना काहीतरी सांगत होता आणि स्वतःच हसत होता. घरात असताना हा गोंगाट तिला नकोसा व्हायचा. इथून त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. नुसतं दिसत होतं, आणि बघवत नव्हतं इतकं चांगलं दिसत होतं.

"ही वापरात आहे," तपासनीस म्हणाला. "इथे रोज कोणीतरी बसतं." त्याने पेनाचं टोपण काढलं.

थोरली मान खाली घालून उभी होती.

"खुर्ची माझी आहे," धाकटी म्हणाली. "आमच्याकडे काम चालू होतं, तेव्हा वहिनींकडे ठेवायला दिली होती. न्यायची राहून गेली."

तपासनिसाने हरकतीचा कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "आणि तो ओला डाग?"

"खिडकी गळत असेल. जुनी आहे."

"मग खुर्ची नेताय?"

"आत्ता नेते."

तो काहीतरी लिहून खाली उतरला. धाकटीने खुर्ची उचलली. ती चांगलीच जड निघाली. थोरलीने दुसरी बाजू धरली. जिन्याच्या वळणावर दोघी थांबल्या.

"कुठे ठेवशील?" थोरलीने विचारलं.

"स्वयंपाकघरात. तुम्हीच दाखवा, कुठे बरी दिसेल ते."

थोरलीने मान हलवली. आणखी चार पायऱ्या उतरल्यावर म्हणाली, "भावजी भाजीत दोनदा मीठ घालतात, तुला माहितीये ना?"