सरकणारी रेघ

घ्या! रेघ पुन्हा हजर. दादानं फळीवरून अंगठा फिरवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी लाकडात लपलेला एक खिळा रंधा मशीनच्या दोन्ही पात्यांना लागला होता. दोन्हींना एकाच जागी खाच पडली. खाचेत लाकूड कापलं जात नाही, तिथं रेघ उठते. यावर एक पातं जरासं डावीकडे सरकवायचं, म्हणजे एकानं सोडलेलं दुसरं कापतं. दादानं ते केलं होतं, फळी गुळगुळीत निघाली होती. जेवून आला तर रेघ परत, तीही जरा डावीकडे. रेघेला पाय फुटले की काय?

पुन्हा पाना लावला, पातं सरकवलं, रेघ गेली. चहा पिऊन आला, रेघ आली. आता बोला!

दादाचं डोकं पार चक्रावलं. कारखान्यात दुसरं होतं तरी कोण? धाकटा भाऊ. वाटणीवरून भांडण झाल्यापासून दोघांत अबोला होता. उद्या याच फळ्यांची भिंत कारखान्याच्या मधोमध उभी राहायची होती. भिंत नको, असं दादाला शंभरदा वाटलं होतं, पण आधी तोंड कोण उघडणार? आणि हा मुद्दाम खोड्या काढत असेल तर भिंत उद्या कशाला, आजच घालू!

तिसऱ्यांदा पातं सरकवून तो दाराआड उभा राहिला. धाकटा आला, झाकण उघडून दुसरं पातं सरकवायला लागला. डावीकडे, अगदी तेवढंच.

"काय चाललंय रे?"

धाकटा दचकला. "रेघ घालवतोय. सकाळपासून वैतागलायस ना तू. दोनदा सरकवलं, तरी जात नाही मेली! मशीन चालवून बघायची तर आवाजानं तुला कळलं असतं."

"अरे गाढवा, मी एक सरकवतो, तू दुसरं! खाचा पुन्हा समोरासमोर येतात!"

"मग सांगायचंस ना."

"तू विचारायचंस ना."

दादाला काही केल्या उमगेना. "फळ्या भिंतीच्या आहेत. तुला काय पडलंय?"

"खराब निघाल्या तर लोक आपल्यालाच हसतील."

आपल्याला! दादानं फळ्यांवरून हात फिरवला.

"यांचं कपाट होईल का रे?"

धाकट्यानं पाना पुढे केला. "होईल की. तू तुझं पातं धर, मी हात लावत नाही."