रामकिसनभाऊंची शोकसभा

श्रीनिवासरावांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवरची धूळ रुमालानं पुसली, मग शेजारची पत्नी भानुमतीबाईंसाठी पुसली आणि समोरच्या फ्लेक्सकडे पाहून नाक मुरडलं. फ्लेक्सवर रामकिसनभाऊ क्रेनवाले हात जोडून हसत होते. भोवती बत्तीस शोकाकुल कार्यकर्त्यांचे फोटो, त्यांतले निम्मे खुद्द मृतापेक्षा ठसठशीत.

“मेला एक आणि मिरवताहेत बत्तीस,” ते पुटपुटले.

यायचा हट्ट बाईंचाच. मुलगा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्या कुणाच्या लग्नाला की बारशाला गेल्या नव्हत्या. आणि आज एका क्रेनवाल्यासाठी इस्त्रीची साडी नेसून चारलाच दारात उभ्या! श्रीनिवासरावांनी कारण विचारलं नाही. बायकांच्या मनात काय येईल याचा नेम नाही, हे त्यांचं मत जुनंच होतं.

मुकुंदवाडीच्या मैदानावरचा तो मंडप रिक्षावाले, ट्रकवाले, गॅरेजवाले यांनी खचाखच भरला होता. श्रीनिवासरावांना त्या गर्दीचा मनस्वी तिटकारा आला. तीस वर्षं त्यांनी विमा कंपन्यांसाठी अपघाती गाड्या तपासल्या होत्या. सर्व्हेअर येऊन फोटो काढेपर्यंत गाडी जागची हलू नये, हा साधा नियम. पण रामकिसन त्यांच्या आधी पोचायचा आणि गाडी क्रेननं उचलून आपल्या अड्ड्यावर न्यायचा. एकदा त्यांनी लेखी तक्रारही केली. तेव्हा हा गडी असाच हात जोडून म्हणाला होता, “साहेब, मागं गाड्या खोळंबतात. माणसं शिव्या देतात.” लोकप्रिय व्हायला अक्कल कुठं लागते? कुणाला नाही म्हणायचं नाही, एवढं जमलं की झालं.

माइकवर एक नगरसेवक आले. छावणीत त्यांच्या मुलीची वरात अडली, तेव्हा भाऊंनी नवरदेवाची बंद पडलेली गाडी थेट मंडपापर्यंत ओढत नेली होती. “असा देवमाणूस होणे नाही!”

“देवमाणूस,” श्रीनिवासराव म्हणाले. “हल्ली चहाबरोबर बिस्किट द्यावं तसं हे देतात.”

मग लोकांनी सांडूला पुढं ढकललं. वीस वर्षं भाऊंची क्रेन चालवणारा, काळा, हडकुळा माणूस. त्यानं माइक दोन्ही हातांत गच्च धरला.

“मला बोलता येत नाय. पन भाऊची एक गोष्ट कुनाला म्हाईत नाय. ॲक्सिडेंटची गाडी अड्ड्यावर आली की भाऊ पहिलं पत्र्याचं गेट लावून घ्यायचा. बादली घ्यायचा, निरमा घ्यायचा आन् सीट धुवून काढायचा. सोताच्या हातानं. आमाला हात लावू द्यायचा नाय. म्हनायचा, सांडू, घरचे लोक बघाया येतात. त्यांना नुसती गाडी दिसू दे. दुसरं काय दिसाया नको.”

श्रीनिवासरावांचा तोल गेला.

“पुरावा धुवायचा हा! ऐकलंस? पोलिसांच्या नाकावर टिच्चून पुरावा...”

बाईंकडे वळलेलं त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

त्यांच्या मुलाची, अनिरुद्धची गाडीही अपघातानंतर गंगापूर रस्त्यावरून रामकिसनच्याच अड्ड्यावर आणली होती. त्या दिवशी ते नांदेडला होते, संध्याकाळी परतले. मुलगा पांढऱ्या कापडात गुंडाळूनच ताब्यात मिळाला. डॉक्टरांचा अहवाल त्यांनी कधी उघडला नाही. गाडी मात्र स्वतः पाहिली आणि घरी येऊन सांगितलं, “सीटवर रक्ताचा थेंब नाही गं. जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.” हे बाप म्हणून नव्हे, सर्व्हेअर म्हणून सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर बाई अकरा वर्षं तगून आहेत, असं ते धरून चालले होते.

आता सांडूचं बोलणं बाईंनीही ऐकलं होतं.

ते घाईनं उठले. “चल, निघू. उकडतंय फार.”

“बसा.”

“अगं, तो काहीबाही बोलतोय. सगळ्याच गाड्या काही कुणी धूत बसत नाही.”

“आपली धुतली होती.”

“तुला कुणी सांगितलं?”

“मी होते ना तिथं.” बाईंचा आवाज स्वयंपाकघरातून बोलावं तसा साधा होता. “तुम्ही नांदेडला होतात. दुपारी मीच गेले. भाऊ सीट धूतच होते. मला पाहून बादली मागं लपवायला लागले. मी म्हटलं, द्या इकडे. हे संध्याकाळी येतील, गाडी बघितल्याशिवाय राहायचे नाहीत. ते यायच्या आत धुऊन व्हायला पाहिजे.”

श्रीनिवासराव खाली बसले.

“आणि मी घरी येऊन जे सांगितलं...”

“तुम्हाला ते खरं वाटलं होतं. सांगितलंत आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागली. मी राहू दिलं.”

घासलेल्या टायरवरून वेग ओळखणारा, रडणाऱ्या गाडीमालकाचं खोटं पहिल्या वाक्यात पकडणारा माणूस! पोटच्या पोराच्या सीटला नुसतं बोट लावून पाहिलं असतं तरी ओल कळली असती. त्यांनी लावलं नव्हतं. आल्यापासून त्यांनी मंडपातल्या प्रत्येकाला नावं ठेवली होती; आता एकच माणूस उरला होता.

पुढं फुलं वाहायला रांग लागली. बाई उठल्या, चपला खुर्चीखाली सरकवल्या.

“किती लागल्या?” श्रीनिवासरावांनी खालमानेनं विचारलं.

“काय?”

“बादल्या.”

बाईंनी पदर खांद्यावरून पुढं घेतला. “तीन.”

सबंध नोकरीत ऐकीव आकडा त्यांनी कधी कागदावर घेतला नव्हता. हा त्यांनी मुकाट्यानं घेतला, पायांतले बूट काढले आणि रिक्षावाल्यांच्या रांगेत बाईंच्या मागं जाऊन उभे राहिले.