गाडीची खांदशेकणी

माझी बायको गीता जाऊन वर्ष उलटलं, पण मी डोणगावला सासुरवाडीत पाऊल टाकलं नव्हतं. मुलगीच राहिली नाही तर जावई कोणाचा, हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीच स्वतःला विचारत बसायचो.

मेहकरला माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. अडुसष्ट सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा निरोप आला, "गाडी पाह्यले या. सांजंले गिऱ्हाईक येऊन राह्यलं." निरोप त्यांच्या मोटारसायकलीसाठी होता. म्हणून मी धोतर-टोपी न घालता दुकानातल्याच कपड्यांवर हत्यारांची पेटी घेऊन यष्टीत बसलो.

माझे सासरे वामनराव. संक्रांतीच्या सुमारास कडबा कापायच्या यंत्रात त्यांच्या डाव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. क्लच दाबता येईना, म्हणून गाडी गोठ्यात बैलांशेजारी उभी होती. सीटवर कोंबडीनं अंडं घातलं होतं.

मी पेटी उघडली तशी सासूबाई तानुबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. "जवायाच्या हातात पाना? लोकं शेन घालतीन माह्या तोंडात!"

"घालू दे, पोळ्याले सारवाले होईन," मामाजी म्हणाले. सासऱ्यांना मी मामाजी आणि सासूबाईंना मामी म्हणायचो. मग ते माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "इकाची नाही मले. याच गाडीवर पोरीले दर दिवाळीले मेहकराहून आनलं. पन हात असा. काही होते का पाहा. नाही तं तो गिऱ्हाईक इंद्रभान सांजंले घेऊन जाते."

त्या गाडीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात. दांडा पायानं दाबला की आतला क्लच आपोआप सुटतो, पाय उचलला की धरतो. हाताची गरजच नाही. पण हातानं क्लच दाबायची सवय असलेला माणूस त्या सोयीकडे बघत नाही. मामाजींच्या गाडीत आतला स्क्रू इतका ढिला झाला होता की दांडा कितीही दाबला तरी क्लच सुटत नव्हता.

मी गाडी स्टँडवर घेतली, इंजिन चालू केलं आणि स्क्रू थोडा थोडा फिरवत बसलो. दांडा दाबल्यावर मागचं चाक थांबलं पाहिजे, आणि सोडल्यावर धरलं पाहिजे. एकदा चाक थांबेना, एकदा धरेना. बैल माझ्याकडे बघत रवंथ करत होते. दुपार कलली तेव्हा एकदाचं जमलं, आणि मी वरचा नट घट्ट आवळला.

"मामाजी, बैलाच्या खांद्यावरनं जू उतरवता तसा पाय उचला. सावकाश. आपटायचा नाही."

मामाजी बसले. दांडा दाबला, सावकाश सोडला. गाडी निघाली. दुसरा गिअर, तिसरा गिअर, डावा हात नुसता मुठीवर ठेवलेला. गल्लीच्या टोकाहून ते वळून आले तेव्हा त्यांची टोपी कानावर आली होती आणि ते लहान पोरासारखे हसत होते.

"येऊ द्या इंद्रभानले! त्याच्या म्होरंच चालवून दाखोतो."

सांजेला मामींनी बैलांची खांदशेकणी केली. पळसाच्या पानानं खांद्यांना तूप-हळद चोळली आणि बैलांना म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी तेव्हा विहिरीवर हात धूत होतो.

परत आलो तर इंद्रभान आलेला. देऊळगाव राजाचा सरकीचा व्यापारी, मोठा बोलका माणूस. मामाजी ऐटीत गाडीवर बसले, दांडा दाबला, आणि गाडीनं बुजलेल्या गोऱ्ह्यासारखी उडी मारली. उकिरड्याशी जाऊन बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा उडी.

"वामनराव," इंद्रभान म्हणाला, "हे गाडी हाये का बकरी?"

मामाजींचा चेहरा उतरला. "जाऊ द्या जवाईबुवा. तुम्ही लई केलं. घेऊन जा रे इंद्रभान."

नट मीच आवळला होता. मी खाली बसलो, दांड्याला हात लावला आणि बोट सर्रकन घसरलं. बघतो तर पिवळं. वास घेतला.

"मामी, गाडीलेही चोळलं का?"

मामी पदर सावरत म्हणाल्या, "मंग? बैलाचं काम तेही करते. खांदा कोनता ते उमजेना, म्हनून जेथं पाय देतात तेथं चोळलं. जरा जास्तच चोळलं."

मामाजींचा पाय तुपावरून घसरत होता, दांडा फटकन सुटत होता आणि क्लच एकदम धरत होता. इंद्रभान इतका हसला की त्याला बाजेवर बसवावं लागलं. मी चुलीतली राख आणली, दांडा खसखसून पुसला. "चालवा आता."

मामाजी गेले ते थेट मारुतीच्या पारापर्यंत. गिअर बदलल्याचा फक्त आवाज यायचा, धक्का नाही. परत आले आणि म्हणाले, "इंद्रभान, गाडी इकाची नाही. च्या पिऊन जाय."

"च्या कशाले, तूप पाजा," इंद्रभान म्हणाला.

शेवटच्या यष्टीची वेळ झाली होती. मी पेटी बंद केली. "बसा मांगं," मामाजी म्हणाले, "फाट्यावर सोडतो." मी बसलो. गीता इथंच बसायची. गिअर बदलताना धक्का बसला की वडिलांच्या पाठीत बुक्की मारायची आणि म्हणायची, "बाबा, याच्याहून बैलाची दमनी बरी."

तेवढ्यात मामी ताट घेऊन गाडीच्या आडव्या आल्या. त्यांनी पळसाचं पान उरलेल्या तूप-हळदीत बुडवलं आणि माझ्या काळ्या-तेलकट सदऱ्यावर खांद्याशी चोळलं. आधी एका, मग दुसऱ्या.

"आज आवतन घ्या," त्या म्हणाल्या. पान ताटात ठेवलं. "उद्या जेवाले या."

"मामी, यष्टी..."

"बैल कधी नाही म्हनते का बे आवतनाले?" मामाजींनी न वळताच विचारलं. जावयाला घरच्या पोरासारखं 'बे' म्हटल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मला ते फार बरं वाटलं.

मी पेटी मामींच्या हातात दिली. मामाजींनी दांडा दाबला, पाय सावकाश उचलला, आणि गाडी फाट्याकडं न नेता गावाच्या चकरेला काढली. एकदाही धक्का बसला नाही. तरी तिसऱ्या गिअरला मी त्यांच्या पाठीत हळूच एक बुक्की मारली.