कुटलेली गोळी

मंडळी, आपल्याकडं डॉक्टर एकच असतो, पण त्याच्यावर देखरेख करणारे घरोघरी चार निघतात. गंगाखेडच्या नर्मदाबाई त्यातल्याच. नवरा दिनकरराव यांची रक्तदाबाची गोळी त्या रोज सकाळी खलबत्त्यात कुटून गुळातून द्यायच्या. कारण विचाराल तर एकदम पक्कं! महिन्यापूर्वी दिनकरराव कुरकुरले होते, "अगं, गोळी संडासातून जशीच्या तशी बाहेर पडायली." विरघळतच न्हाई तर गुण कुठून येणार? बाईंनी बत्ता उचलला.

तेव्हापासून रोज दहाच्या सुमारास दिनकररावांना अंधारी यायची. बाई म्हणायच्या, "औषध अंगी लागायलंय, त्याची खूण हाय ती." परवा ते एसटीत चढताना पायरीवरूनच कोसळले. डोक्याला सात टाके पडले. रक्तदाब एकदम खाली गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. गोळी कुटून देतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलंच नाही.

लेक राजेश्री औषधाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत कामाला. ती धावत आली. सकाळी आई पुन्हा खलबत्ता घेऊन बसलेली दिसली, तसा तिनं हात धरला.

"आई, ही कुटायची नसती."

"मग सबंध वाया जाऊ द्यायची? शिकलीस लय, पण पोटातलं तुला काय दिसतंय?"

"रोज तेच तर बघते मी. अंगाइतकं कोमट, पोटातल्यासारखं आंबट पाणी भांड्यात घ्यायचं, त्यात गोळी सोडायची, ढवळायचं पातं फिरत ठेवायचं. ठरल्या वेळी थोडं पाणी काढून औषध किती उतरलं ते मोजायचं. तीच गोळी माणसांना देऊन त्यांच्या रक्तातलं औषधही मोजलेलं असतं. दोन्हींचा मेळ बसला, की भांड्यावरून अंगातलं सांगता येतं. ही गोळी दिवसभर थोडी थोडी सुटती. तू कुटलीस, की सगळी एकदम रक्तात."

"अन् बाहेर पडती ती?"

राजेश्रीनं एक गोळी कोमट पाण्याच्या तांब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी काढली, तर वरून तशीच. मग विळीवर चिरली. आत नुसता बुळबुळीत चोथा होता.

"औषध पाण्यात गेलं, आई. हे शेंगेचं टरफल."

"म्हंजे ह्यांना मीच पाडलं!" नर्मदाबाई म्हणाल्या.

"तू एकटीनं न्हाई," दिनकरराव म्हणाले. "डॉक्टरला सांगायचं मलाबी सुचलं न्हाई."

बाईंनी डोळे पुसले आणि तशाच उठल्या. चार घरं सोडून राहणाऱ्या मनकर्णाला हाच उपाय त्यांनी सांगितला होता. मनकर्णाच्या ओट्यावर बायका भाजी निवडत होत्या. त्या सगळ्यांदेखत नर्मदाबाई म्हणाल्या, "मनकर्णे, गोळी कुटू नको."

"तुमीच तर सांगितलं, काकू."

"सांगितलं. मला कळत नव्हतं, तरी सांगितलं. माझं चुकलं. आता डॉक्टरला न्हाईतर औषधाच्या दुकानात विचारल्याबिगर मोडूबी नको."

मंडळी, गोळी कुटायची, मोडायची की सबंध गिळायची, हे जाणत्याला विचारावं. आणि आपण सांगितलेला उपाय चुकला असं कळलं, तर तो परत घ्यायलाही त्याच दारी, त्याच पायांनी जावं.