नारळाचं पाणी

नातीचं, रुचिकाचं लग्न ज्या वर्षी झालं, त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बंडूजीने आपली डिझेल व्हॅन आर्वी रस्त्यावरच्या गॅरेजपुढे उभी केली आणि इंजिन मुद्दामच चालू ठेवलं. गाडी जागच्या जागी थरथरत होती. घडीभर नीट चालायची, मग गुदमरायची. काचेजवळ ठेवलेला पानाचा पितळी डबा तिच्यासोबत खडखडत होता.

गॅरेजवाला भूपेंद्र नागपूरला काम शिकून नुकताच इकडे आला होता. दोघांची ही पहिलीच भेट. बंडूजीने त्याला सगळं सांगितलं. पुलगावच्या मिस्त्रीने डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर बदलला होता. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मुलगा धनंजय म्हणत होता, दसऱ्यापर्यंत सुधारली नाही तर भंगारात देऊन टाकू. याच गाडीत कापडाचे गठ्ठे भरून बंडूजी आणि देवकाबाई या नवराबायकोने बाजारामागून बाजार केले होते.

भूपेंद्रने स्कॅनर लावला. त्यात पुन्हा त्याच सेन्सरची चूक आली. त्याने घाई केली नाही. इंजेक्टरांना बाटल्या जोडून परत येणारं डिझेल पाहिलं. सगळ्यांत सारखंच निघालं, म्हणजे इंजेक्टर ठीक होते. मग चालत्या इंजिनात जपून हात घालून तो एकेक वायर हलवत गेला. सेन्सरच्या जोडाला बोट लागलं आणि इंजिन ठसकलं. त्याने गाडी बंद करून तो जोड उघडला. पिना हिरव्या पडल्या होत्या, वर पिवळट चिकटा.

"काकाजी, इथं काय सांडलं? सेन्सर नवा, पण जोड जुनाच ठेवला त्यानं."

बंडूजीने वाकून पाहिलं आणि तो गालातल्या गालात हसला.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली की लोक चाकापुढे नारळ फोडतात. देवकाबाईला ते पटत नसे. ती बॉनेट उघडायला लावायची, इंजिनला हळदकुंकू वाहायची आणि नारळाचं पाणी वरून ओतायची. बंडूजी दर वर्षी ओरडायचा. ती म्हणायची, चाकाले पाणी पाजून काय होते, गाडीच्या पोटात गेलं पाहिजे. मागच्या दसऱ्यानंतर गाडी थरथरायला लागली, तेव्हा तिनेच कुरकुर केली होती की माहा डबा नाचून राह्यला, बंद करा न गाडी.

बंडूजीने हे सांगितलं तसा भूपेंद्र पोट धरून हसला. त्याने जुना जोड कापला, नवा लावला, वायरी पिळून नीट गुंडाळल्या आणि स्कॅनरमधली चूक पुसली.

"काकूले सांगजा, औंदा नारळ चाकावरच फोडजो म्हणा."

"सांगतो," बंडूजी म्हणाला. "पण ते आयकत नाई."

जुना जोड भूपेंद्र कचऱ्यात फेकणार होता. बंडूजीने तो मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मग तो गाडीत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिन एका सुरात चालू लागलं. कुठे खोट नाही, अडखळणं नाही.

"पाहा, काकूचा डबा आता नाचत नाई," खिडकीशी येऊन भूपेंद्र म्हणाला.

बंडूजीने मान हलवली. डाव्या बाजूची सीट रिकामी होती. भूपेंद्र खिडकीपासून निघून गेल्यावर बंडूजीने हात लांबवून डब्याला बोटाने हलकेच ढकललं. आत अडकित्ता वाजला. त्याने पुन्हा एकदा ढकललं.

देवकाबाई त्याच वर्षी, रुचिकाला सासरी पाठवून आल्यावर, वैशाखात वारली.