मंडळाचं नाव ठरेपर्यंत

देवळाली प्रवरेच्या अलीकडं आमचं गाव. गावात एक भजनी मंडळ होतं. होतं म्हणतो, कारण पुढं त्याची तीन झाली, आणि तीन झाली तसं एकही उरलं नाही.

एक होतं तेव्हा पुढं गायला कानिफनाथ आणि त्याचा मेहुणा बिभीषण, मृदंगावर मी, पेटीवर ज्ञानेश्वर, आणि मागं सतरंजी भरून टाळकरी. पुढच्यानं चरण म्हणायचा, मागच्यांनी उचलून धरायचा. भजनाचा सगळा जीव त्या मागच्यांत. पण हे मागच्यांना कुणी सांगत नाही आणि पुढच्यांना सांगून कळत नाही.

भांडण लागलं माईकवरून. नव्या स्पीकरला माईक एकच निघाला. कानिफनाथ म्हणाला, "मी थोरला." बिभीषण म्हणाला, "तुजा आवाज कवाच गेलाय, माईक काय चाटायला देऊ का?" झालं! बिभीषणानं निम्मे टाळकरी फोडून 'महामंडळ' काढलं. निम्मं मंडळ म्हणजे महामंडळ, घ्या! पुढं ज्ञानेश्वर कीबोर्ड घेऊन त्यातनं फुटला. त्याचा 'भव्य भक्तिसंगीत वाद्यवृंद'. वृंदात तो आणि कीबोर्ड. मग कानिफनाथाला राहवेना, त्यानं उरलेल्यांचा 'महासंघ' केला. टाळकऱ्यांनी हे सगळं बघितलं, टाळ आमच्या ओसरीच्या खुंटीला अडकवले आणि आपापल्या उसाला पाणी द्यायला निघून गेले.

फ्लेक्स छापणारा नूरुद्दीन मला म्हणाला, "छगनभाऊ, तुमच्या गावाचं लई सोपं हाय. मानसं कमी झाली की अक्षरं मोठी करायची."

आता माझी आई, कडूबाई. नव्वदीला टेकलीय. उन्हाळ्यात पाय घसरून पडली ती अंथरुणालाच खिळली. जीभ तेवढी धडधाकट. आमच्या गावात माणसाला शेवटचं न्यायचं ते भजनानं; पुढं मंडळ, मागं तिरडी. बापाला तसंच नेलं, टाळांनी वेस दणाणली होती. आईला तेवढंच पाहिजे, दुसरं काही नको.

एक दिवस ती म्हणाली, "छगन, माज्या वक्ताला कोन येनार रं?"

"येतील की समदे."

"येतील, आन तिरडी खाली ठिवून माईकवरनं भांडतील. त्यापरीस आत्ताच म्हनायला लाव. मेल्यावर मला काय डोंबल ऐकू येनार हाय?"

जित्या माणसाला असलं भजन कोण म्हणतं? पण आईचा शब्द. गेलो तिघांच्या दारात. म्हातारीचं नाव काढल्यावर नाही कोण म्हणणार? एक म्हणाला महासंघ येईल, दुसरा म्हणाला महामंडळ येईल, तिसऱ्यानं विचारलं, "लाईट हाय ना?"

रविवारी सकाळी आईची बाज ओसरीवर आणली. तिघांचे तीन फ्लेक्स. भिंत पुरेना म्हणून एक गोठ्याला बांधला, तर म्हैस बुजली. महासंघातनं कानिफनाथ आला, एकटाच. महामंडळातनं बिभीषण, तोही एकटाच. वाद्यवृंद कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला. तिघंही पुढं. मागची सतरंजी मोकळी.

मृदंग घुमावा म्हणून मी त्याला कणीक लावली. बायको चुलीपासनं ओरडली, "चपात्या कमी पडल्या तर मला बोलायचं न्हाई!" कानिफनाथानं चरण म्हटला आणि सवयीनं थांबला, मागनं उचलतील म्हणून. मागं कोण होतं? बिभीषणानं तोंड उघडलं नाही. मेहुण्याच्या मागं कसं म्हणायचं? मग त्यानं त्याचा चरण म्हटला, तर कानिफनाथ आढ्याकडं बघत बसला. ज्ञानेश्वर नुसता बटणं दाबत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाजेवरनं आवाज आला. फाटका, थरथरता. आई चरण उचलून धरत होती. स्वतःच्याच तिरडीपुढचं भजन, आणि मागं म्हणणारी तीच. दोन ओळी म्हटल्या नि खोकल्याची उबळ आली.

"आज धरलं मी," दम खात ती म्हणाली. "त्या दिशी मला न्हाई रं धरता यायचं."

बिभीषणानं डोळे पुसले, खुंटीवरचे टाळ काढले आणि मागं सतरंजीवर जाऊन बसला. ते बघून कानिफनाथही मागं सरकला. ज्ञानेश्वरानं कीबोर्ड बंद करून टाळ घेतले. आता पुढं कुणीच नाही! मग "तू हो पुढं", "न्हाई, तूच हो" असं सुरू झालं आणि त्याच्यावरनंही आवाज चढायला लागले.

"छगन्या, मेल्या, तू म्हन की!" आई खेकसली.

मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं. सूर कुठं आणि मी कुठं. पण मागनं त्या तिघांनी असं उचललं की मला भरून आलं, वाजवता वाजवता डोळे वाहायला लागले. बाजेवर आईच्या पायाचा अंगठा ठेका धरून हलत होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ओसरीवर भजन असतं. टाळकरीही एकेक करून यायला लागलेत. फ्लेक्स उतरवून गोठ्यावर पांघरले. राहिलंय ते नाव. महासंघ म्हणावं तर तो कानिफनाथाचा, महामंडळ म्हणावं तर बिभीषणाचं, आणि वाद्यवृंद म्हणायला दोघांची जीभ वळत नाही. आई म्हणते, "येकदा नाव ठरू द्या, मंग मी सुखानं जाती."

तिचं ते बोलणं मी पक्कं ध्यानात ठेवलंय. काल दोघं मेहुणे 'परिवार' या नावावर जवळजवळ एक झाले होते. मी घाईघाईनं म्हणालो, "त्यापरीस पथक कसं वाटतंय?" लगेच दोघं हमरीतुमरीवर आले आणि माझा जीव भांड्यात पडला.

सगळे गेल्यावर मी आईच्या अंगावर वाकळ घातली. मला वाटलं, डोळा लागलाय तिचा.

"छगन," ती डोळे मिटूनच म्हणाली, "उद्याला ताफा सुचीव."